फँटसी बेसबॉल: शेवटच्या फेऱ्यांत स्टार्टिंग पिचर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर खेळायची स्पर्धा) हे तुमचं दुसरं वर्ष. बारा संघ, तेवीस फेऱ्यांचा ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू निवडणं), रोटिसरी पद्धत (प्रत्येक कॅटेगरीतल्या क्रमांकावर गुण), पिचिंगच्या, म्हणजे चेंडू टाकण्याच्या, नेहमीच्या पाच कॅटेगरी: विन (विजयाचं श्रेय), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), ईआरए (फिल्डिंगच्या चुकीशिवाय झालेल्या धावा, दर नऊ इनिंगमागे) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक; वॉक म्हणजे चार बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस). गेल्या वर्षी सोळाव्या फेरीनंतर तुम्ही आदल्या हंगामाचा ईआरए बघून पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) घेतलेत आणि जूनपर्यंत ईआरए-व्हिप दोन्हींत तळाला गेलात. यंदा शेवटच्या फेऱ्यांत सुरक्षित स्टार्टर कसे ओळखायचे, असं तुम्ही विचारलंय.

‘सुरक्षित’ या अपेक्षेपासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते गेल्या वर्षीची अडचण तिथेच होती. मेजर लीगमध्ये तीस संघ, प्रत्येकाचे पाच स्टार्टर, म्हणजे दीडशे जागा. तुमच्यासारख्या लीगमध्ये सोळाव्या फेरीपर्यंत त्यातले साधारण साठ-सत्तर उचलले गेलेले असतात. ज्यांच्यावर डोळे मिटून विसंबावं असे सगळे त्यांतच असतात. खाली उरतात ते दोन प्रकारचे. एक, जे वर्षभर ४.२० च्या आसपासचा ईआरए देतील आणि तुमचं काही भलं करणार नाहीत. दुसरे, ज्यांचं यंदा काय होईल ते नक्की सांगता येत नाही. मी जवळजवळ नेहमीच दुसऱ्या प्रकारातले घेते. त्यातही एक अट पाळते: हा पिचर चालणार की नाही, याचं उत्तर मला एप्रिल संपायच्या आत मिळालं पाहिजे.

या अटीमागचं कारण सांगते. शेवटच्या फेऱ्यांत तुम्ही ड्राफ्टमधला पिक फारसा खर्च करत नाही, खर्च होते ती बेंचवरची जागा. ४.२० वाला पिचर वेव्हरवर (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या यादीत) मे महिन्यातही फुकट मिळतो, ऑगस्टमध्येही मिळतो. त्याच्यासाठी जागा अडवण्यात अर्थ नाही. जो पिचर तीन-चार स्टार्टमध्ये रंग दाखवतो तो चालला तर सहा महिने तुमचा, नाही चालला तर मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागेवर तुम्ही नवा माणूस आणू शकता. एकाच जागेवर हंगामात दोन-तीन वेळा संधी मिळते. कुठलाही एक पिचर अचूक ओळखण्यापेक्षा हे गणित जास्त कामाला येतं.

हे सगळं तुमच्या लीगच्या नियमांवर अवलंबून आहे, म्हणून पुढे जाण्याआधी ते तपासा. लीग रोटिसरीऐवजी पॉइंट्सची असती तर प्रत्येक इनिंगला गुण मिळतात, आणि वर्षाला १८० इनिंग टाकणारा साधा पिचरही सोन्यासारखा असतो. विनच्या जागी क्वालिटी स्टार्ट ही कॅटेगरी असेल, म्हणजे किमान सहा इनिंग आणि तीन किंवा त्याहून कमी अर्न्ड रन (ईआरएत मोजल्या जाणाऱ्या धावा), तर पाचव्या इनिंगला पिचर काढून घेणाऱ्या संघांचे स्टार्टर तुमच्या उपयोगाचे नाहीत. बेंच तीनच जागांचा असेल तर अशा प्रयोगांना दोनच पिचर ठेवा, सहा-सात जागा असतील तर चार-पाच ठेवता येतात. जखमींसाठी वेगळ्या आयएल जागा आहेत का, लाइनअप रोज बदलता येतो की आठवड्यातून एकदा, इनिंगची कमाल मर्यादा किती, हेही वाचून ठेवा. पंधरा संघांच्या लीगमध्ये वेव्हरवर काहीच उरत नाही, तिथे मी वर लिहिलेलं बरंचसं उलटं होतं आणि त्या साध्या ४.२० वाल्यालाही किंमत येते. तुमची लीग बारा संघांची आहे, हे मी धरून चालले आहे.

आता ईआरएबद्दल. आदल्या वर्षीचा ईआरए हा झालेल्या गोष्टीचा हिशेब असतो, पुढच्या वर्षाचा अंदाज म्हणून तो फार कच्चा आहे. २००१ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकन यांनी मांडलं की मैदानात मारला गेलेला चेंडू हिट होणार की आउट, यावर पिचरचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. क्रिकेटमध्ये बॅटची कड लागून चेंडू स्लिपमधून चौकार गेला तरी धावा बोलरच्याच खात्यावर लागतात, तसंच हे. होमरन (कुंपणापार मारलेले चेंडू) सोडून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी लीगमध्ये साधारण २९ ते ३० टक्के चेंडू हिट होतात. एखाद्या पिचरचं हे प्रमाण २४ टक्के असेल तर बहुतेक वेळा पुढच्या वर्षी ते वर सरकतं. बेसवर पोचलेल्यांपैकी किती जण धाव न करता अडकून राहिले, त्याचं सर्वसाधारण प्रमाण ७२-७३ टक्के. ते कुणाचं ८२ दिसलं तर त्याच्या २.९० च्या ईआरएला मी हात लावत नाही. गेल्या वर्षी तुम्ही ईआरए बघून घेतलेल्यांत असे किती होते ते एकदा पाहा, मला वाटतं निम्म्याहून जास्त निघतील.

मग बघायचं काय? मला एकच आकडा ठेवायचा असेल तर स्ट्राइकआउटच्या टक्क्यातून वॉकचा टक्का वजा करते. दर इनिंगमागे नव्हे, दर बॅटरमागे. समजा एखाद्याने ६४० बॅटरना तोंड दिलं, १६० स्ट्राइकआउट, ४५ वॉक. म्हणजे २५ टक्के वजा ७ टक्के, बाकी १८. स्टार्टरची सरासरी १४ च्या आसपास असते, २० च्या वर गेला की तो पहिल्या रांगेतला. सोळाव्या फेरीनंतर मला १७-१८ मिळाले तरी मी थांबून बघते. या आकड्यात फिल्डिंग नाही, मैदान जवळजवळ नाही, नशीब फार थोडं. आणि तुमच्या व्हिपमध्ये वॉक थेट मोजला जातो, हे विसरू नका. दर सामन्याला चार वॉक देणारा पिचर स्ट्राइकआउट कितीही काढो, व्हिपची वाट लावतो.

पण हा आकडा चांगला असलेला पिचर सतराव्या फेरीला का शिल्लक राहिला? इथे खरा विचार सुरू होतो. त्याच्या वाटेत काहीतरी अडसर असतो. माझं सगळं काम म्हणजे तो अडसर कोणता, आणि यंदा तो दूर होतोय का, हे शोधणं.

कॉर्बिन बर्न्सचं उदाहरण मी नव्या माणसाला नेहमी देते. २०१९ मध्ये मिलवॉकीसाठी त्याने ४९ इनिंग टाकल्या, ईआरए ८.८२. हा आकडा बघून कुणीही पान उलटेल. त्याच ओळीत पुढे वाचा: ७० स्ट्राइकआउट, २० वॉक, १७ होमरन. वजाबाकी केली तर २१ टक्के, म्हणजे पहिल्या रांगेतली. बुडवलं ते होमरननी. त्याच्यावर उंच मारलेल्या चेंडूंपैकी तीनांतल्या एकाहून जास्त चेंडू कुंपणापार जात होते, आणि इतकं वाईट प्रमाण कुणाचंच फार काळ टिकत नाही. शिवाय त्यामागे एक ठोस कारण होतं: त्याचा सरळ जाणारा फोर-सीम फास्टबॉल बॅटर झोडपत होते. २०२० मध्ये त्याने तो जवळजवळ सोडला आणि कटर-सिंकरवर (किंचित वळणारे आणि खाली बसणारे वेगवान चेंडू) आला. त्या साठ सामन्यांच्या छोट्या हंगामात ईआरए २.११, आणि २०२१ मध्ये २.४३ ईआरए, १६७ इनिंगमध्ये २३४ स्ट्राइकआउट आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. कौशल्य दिसत होतं, अडसर दिसत होता, आणि तो हलल्याचं पहिल्या दोन-तीन स्टार्टमध्ये कळत होतं. शेवटच्या फेरीतल्या पिचरमध्ये मी याच तीन गोष्टी शोधते.

अडसर प्रत्येक वेळी चेंडूचाच असतो असं नाही. गॅरेट क्रोशेचा अडसर भूमिकेचा होता. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे २०२२ आणि २०२३ चा बराचसा काळ गेलेला, त्याआधी तो रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारा पिचर), मेजर लीगमध्ये एकही स्टार्ट नाही. २०२४ च्या मार्चमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी त्याला थेट ओपनिंग डेचा (हंगामाच्या पहिल्या दिवसाचा) स्टार्टर केलं. ती बातमी हंगामाच्या तोंडावर आली, आणि तोवर बऱ्याच लीगचे ड्राफ्ट उरकले होते. त्या वर्षी त्याने १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट काढले आणि फक्त ३३ वॉक दिले. या उदाहरणात दोन इशारेही आहेत. त्याचा संघ त्या वर्षी १२१ सामने हरला, त्यामुळे इतकं करूनही त्याच्या वाट्याला विन आले सहा. आणि आधी कधी इतक्या इनिंग टाकलेल्या नसल्यामुळे जुलैपासून संघ त्याला चार-चार इनिंगांनंतर काढू लागला. स्टार्टरला विन मिळायला किमान पाच इनिंग लागतात. रिलीव्हरचा स्टार्टर झालेला माणूस घेतलात तर पहिले तीन महिने त्याचा पुरेपूर वापर करा आणि जूनच्या शेवटी, त्याचं नाव मोठं असताना, ट्रेडमध्ये द्यायचा विचार करा.

निक पिवेटाचा अडसर बराचसा मैदानाचा होता. बोस्टनमध्ये तो वर्षानुवर्षं भरपूर स्ट्राइकआउट काढायचा, वॉक आटोक्यात ठेवायचा, पण ईआरए चारच्या खाली उतरत नव्हता. २०२४ मध्ये १४५ इनिंगमध्ये २८ होमरन बसले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याने सॅन दिएगोशी करार केला, म्हणजे फेनवे पार्कमधून पेट्को पार्कमध्ये गेला. दमट, थंड समुद्री हवेच्या त्या मैदानात होमरन मारणं अवघड. त्या हंगामात १३ विन, ईआरए २.८७. पिचर तोच होता, पत्ता बदलला. मैदान बदललेल्या पिचरांची यादी दर फेब्रुवारीत अर्ध्या तासात करता येते, आणि ऑफिसच्या लीगमध्ये ती सहसा कुणी करत नाही.

रॉबी रेचं उदाहरण मी जरा जपून देते. २०२० मध्ये ५१ इनिंगमध्ये ४५ वॉक, ईआरए ६.६२. वजाबाकीच्या आकड्यात तो बसतच नव्हता. २०२१ मध्ये टोरोंटोकडून वॉकचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून सातच्या खाली आलं, २४८ स्ट्राइकआउट, २.८४ ईआरए आणि अमेरिकन लीगचा साय यंग. स्ट्राइकआउटची ताकद त्याच्यात पहिल्यापासून होती, सुटला तो वॉकचा प्रश्न. पण वॉक इतके कमी होणं दुर्मीळ आहे. होमरनमुळे बुडालेला आणि वॉकमुळे बुडालेला असे दोन पिचर समोर असतील तर मी पहिला घेते.

आता ‘लवकर कळणं’ म्हणजे नेमकं काय, ते सांगते. वेगवेगळे आकडे वेगवेगळ्या गतीने खरं बोलायला लागतात. फास्टबॉलचा वेग एका सामन्यातच समजतो. स्ट्राइकआउटच्या प्रमाणावर साधारण ७० बॅटरनंतर थोडाफार विश्वास ठेवता येतो, म्हणजे तीन स्टार्ट. वॉकला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले, हे प्रमाण अख्ख्या हंगामातही नीट स्थिरावत नाही, आणि ईआरए बराचसा त्यावरच उभा असतो. म्हणून एप्रिलअखेर मी ईआरएचा रकाना शेवटी वाचते.

बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या साइटवर पिचरचं पान उघडा. तिथे प्रत्येक प्रकारचा चेंडू वेगळा दिसतो: किती वेळा टाकला, वेग किती, बॅटरने बॅट फिरवली तेव्हा किती वेळा हुकला. मार्चच्या मध्याला मी काय बघते याचा एक नमुना देते. गेल्या वर्षी एखाद्याचे निम्म्याहून जास्त चेंडू फोर-सीम होते आणि त्यावर मार बसत होता. स्लायडरवर (आडव्या वळणाऱ्या चेंडूवर) मात्र बॅटर दहापैकी चार वेळा हुकत होते, पण तो टाकला होता पाचात एकदा. यंदा ॲरिझोना किंवा फ्लोरिडातल्या सरावसामन्यांत तोच स्लायडर तीनात एकदा येताना दिसला, तर त्याच्या नावासमोर मी खूण करते. पिचिंग कोचने काहीतरी सांगितलंय आणि त्याने ते ऐकलंय, हे त्या एका रकान्यात दिसतं. वेग बघताना त्याची तुलना गेल्या मार्चशी करा, गेल्या जुलैशी नको, कारण मार्चमध्ये बहुतेकांचा हात पूर्ण तापलेला नसतो. दीड मैलाची वाढ दिसली तर ती मोठी बातमी समजा. दीड मैलाची घट आणि जोडीला ‘फोरआर्म टाइटनेस’ (कोपराखालचा हात आखडणं) असे शब्द आले, तर ते नाव यादीतून खोडा. सरावसामन्यांतला ईआरए मात्र वाचूच नका. तिथे कुणी नवा चेंडू घोटवत असतो, कुणासमोर मायनर लीगचे बॅटर असतात.

हंगाम सुरू झाला की तीन स्टार्टनंतर पहिला निकाल लावायचा. वेग टिकलाय, बॅटर हुकताहेत, स्ट्राइकआउट येताहेत, पण दोन-तीन होमरन आणि काही बारीकसारीक हिटमुळे ईआरए ५.८० झालाय, तर त्याला ठेवा. डॉजर्ससारख्या तगड्या संघाविरुद्ध किंवा भरपूर धावा होणाऱ्या डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर बाहेर बसवा, पण सोडू नका. ह्यूस्टनचा हंटर ब्राउन २०२४ मध्ये असाच होता. एप्रिल संपताना ईआरए नऊच्या वर, आणि लोक त्याला धडाधड सोडत होते. मेमध्ये त्याने उजव्या हाताच्या बॅटरना आत टाकायला सिंकर आणला आणि हंगाम ३.४९ वर संपवला. २०२५ मध्ये तर २.४३. सिंकर दिसायला लागला त्या आठवड्यात त्याला फुकट उचलणाऱ्यांनी पुढचं वर्षभर त्याचा फायदा घेतला. उलट एखाद्याचा ईआरए २.५० आहे पण वेग मैलभर उतरलाय आणि दर पाच-सहा बॅटरमागे जेमतेम एक स्ट्राइकआउट येतोय, तर त्याला द्यायची हीच वेळ. २.५० च्या ईआरएला ट्रेडमध्ये गिऱ्हाईक मिळतं.

तुम्हाला वाटेल, असे पिचर घेऊन एप्रिलमध्येच ईआरए बिघडला तर? हिशेब करून बघू. समजा तुमचा संघ वर्षभरात १३०० इनिंग टाकणार आणि बाकीच्यांचा ईआरए ३.७० आहे. एका प्रयोगातल्या पिचरने २५ इनिंगमध्ये ६.०० चा ईआरए दिला आणि तुम्ही त्याला सोडलं, तर वर्षअखेर संघाचा ईआरए होतो ३.७४. फक्त चार शतांश. पण ५.४० च्या ईआरएच्या पिचरला ‘सुधारेल, सुधारेल’ म्हणत १०० इनिंग ठेवलंत तर तोच आकडा ३.८३ वर जातो, आणि ऑफिसच्या लीगमध्ये तेवढ्याने एक-दोन गुण सहज जातात. असे तीन पिचर जूनपर्यंत ठेवलेत तर तळ गाठायला आणखी काही लागत नाही. गेल्या वर्षी तुमचं नुकसान निवडीपेक्षा ठेवून घेण्यात जास्त झालं, असा माझा अंदाज आहे.

इथवरचं एकदा गोळा करते: वजाबाकीचा आकडा १७ च्या पुढे, खाली घसरण्याचं एक ओळखता येणारं कारण, ते कारण हटल्याची काहीतरी खूण, आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून रोटेशनमध्ये (संघाच्या स्टार्टरच्या पाळीत) जागा.

त्या शेवटच्या अटीवर लोक माझ्याशी वाद घालतात, कारण तिच्यामुळे दोन आकर्षक प्रकार बाद होतात. पहिला, शस्त्रक्रियेनंतर जून-जुलैत परतणारे नावाजलेले पिचर. टॉमी जॉननंतर परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, तारीख पुढे ढकलली जातेच, आणि परत आल्यावर वेग आधी येतो, अचूकपणा मागाहून. आयएलची रिकामी जागा असेल तर खुशाल घ्या, कारण मग बेंच अडत नाही. नसेल तर नको. दुसरा प्रकार मायनर लीगमधल्या गाजलेल्या तरुणांचा. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मेला आला आणि आल्याआल्या अव्वल ठरला, त्यामुळे दर वर्षी सगळे पुढचा स्कीन्स शोधतात. पण त्याच्यासारखे फार थोडे. बाकीच्यांची वाट बघताना ती जागा एप्रिल-मे रिकामी राहते, आणि नेमक्या त्याच काळात वेव्हरवर सर्वांत चांगला माल असतो.

ऑफिसच्या लीगचा एक फायदा तुम्ही जरूर घ्या. तुमच्या भोवतालचे लोक न्यूयॉर्कच्या यांकीज आणि मेट्सचे सामने बघतात. त्या दोन संघांचा पाचव्या क्रमांकाचा स्टार्टरही तुमच्याकडे दोन फेऱ्या आधी जातो. सिअ‍ॅटल, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को यांचे घरचे रात्रीचे सामने न्यू जर्सीत साडेनऊ-दहानंतर सुरू होतात, कॅन्सस सिटी आणि मिलवॉकी तर बातम्यांतही क्वचित येतात. तिथले पिचर तुमच्या लीगमध्ये स्वस्त मिळतात. सिअ‍ॅटलचं टी-मोबाइल पार्क आणि सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क ही दोन्ही पिचरला साथ देणारी मैदानं आहेत, त्यामुळे तिथला पाचव्या क्रमांकाचा माणूसही घरच्या सामन्यांपुरता वापरता येतो. शिवाय बहुतेक लोक ॲपमधल्या क्रमाने निवड करतात. ड्राफ्टच्या वेळी त्या यादीत साठ-सत्तर नावं खाली जाऊन शोधायची सवय ठेवा. तुमचा माणूस तिथेच असतो, आणि त्याच्यासाठी दोन फेऱ्या आधी घाई करायची गरज नसते.

विनचा विचार मी अगदी शेवटी करते. जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये १.७० च्या ईआरएसह दहाच विन मिळवले होते. इतक्या लहरी आकड्यासाठी कमी कौशल्याचा पिचर घेऊ नये. दोघं अगदी सारखे वाटले तर चांगल्या बॅटिंगच्या संघातला घ्या, एवढंच. वेळापत्रकाचंही तेच. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्या २९ संघांशी खेळतो आणि आपल्या डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी १९ ऐवजी १३ सामने होतात, त्यामुळे अवघड डिव्हिजनमधला पिचर टाळण्याचं कारण पूर्वीइतकं राहिलेलं नाही. सहा जणांचं रोटेशन ठेवणाऱ्या संघांचे पिचर मात्र जपून घ्या. त्यांना एका आठवड्यात दोन स्टार्ट क्वचित मिळतात.

ही पद्धत सगळं पकडत नाही, हेही सांगायला हवं. ह्यूस्टनचा रोनेल ब्लँको २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बहुतेक लीगमध्ये कुणी घेतलाही नव्हता. इतरांच्या दुखापतींमुळे त्याला जागा मिळाली, १ एप्रिलला त्याने नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला आणि वर्षाचा ईआरए २.८० ठेवला. वजाबाकीच्या आकड्यात तो कधीच चमकला नाही, मैदानात पडलेले चेंडू फिल्डरच्या हातात जात राहिले. असा पिचर माझ्या हातून दर वर्षी निसटतो आणि निसटू दे. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पिचर पुढच्या वर्षी ५.१० देतो, आणि मार्चमध्ये त्या दोघांतला फरक मला कळत नाही.

तुमच्या यंदाच्या ड्राफ्टसाठी माझा सल्ला असा. पहिल्या दहा-अकरा फेऱ्यांत तीन-चार भरवशाचे स्टार्टर आणि निदान एक क्लोझर (सेव्ह मिळवणारा रिलीव्हर) घेऊन ठेवा, म्हणजे खाली धाडस करायला पाया मिळतो. सोळाव्या फेरीनंतर चार स्टार्टर घ्या. त्यातले दोन चेंडू किंवा वेग बदललेले, एक मैदान किंवा भूमिका बदललेला, आणि चौथा अगदी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवा. त्या दिवशी सकाळी कुठल्या संघाने पाचवा स्टार्टर जाहीर केलाय ते बघून तो भरा. ड्राफ्टची तारीख ठरवण्यात तुमचं मत चालत असेल तर ओपनिंग डेच्या आदल्या शनिवार-रविवारचा आग्रह धरा, कारण रोटेशनच्या बऱ्याचशा बातम्या त्याच आठवड्यात येतात. प्रत्येक नावासमोर एका ओळीत लिहून ठेवा की याला का घेतलं: ‘स्लायडर वाढवला’, ‘पेट्कोला गेला’, असं काहीतरी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती ओळ खरी ठरली आहे की नाही एवढंच तपासायचं, आणि ठरली नसेल तर त्याच दिवशी वेव्हर उघडायचा.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की गेल्या वर्षीच्या पाचांपैकी कुणाला परत घ्यावं का. नावावर राग धरू नका. पाचही जणांची वजाबाकी करून बघा. एखाद्याची १८ निघाली आणि त्याला होमरननीच बुडवलं असेल, तर तुमच्या लीगमध्ये यंदा सर्वांत स्वस्त मिळणारा चांगला पिचर तोच असू शकतो, कारण बाकीच्या अकरा जणांनाही त्याचा फक्त ईआरएच आठवत असणार.